'एकत्रित' शिक्षा म्हणजे दहा वर्षं की वीस?

मुक्ता: गांजाच्या एका खटल्याच्या निकालाचं भाषांतर करतेय. माल २३ किलो, म्हणजे व्यापारी प्रमाण. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० खाली १० वर्षं, कटाबद्दल कलम २९ खाली पुन्हा १०, दोन्ही कन्करंट, म्हणजे त्याच दहा वर्षांत दोन्ही भोगून संपणार. मी नेहमीप्रमाणे 'शिक्षा एकत्रितपणे भोगावयाच्या आहेत' लिहिलं. आरोपीच्या भावाचा फोन आला, "ताई, एकत्रित म्हणजे वीस ना?" दुसरा शब्द सुचवा.

नाना: समवर्ती. घटनेत 'कन्करंट लिस्ट'ला समवर्ती सूची म्हटलंच आहे.

झेंडू: नाना, त्या भावाला समवर्ती कळणार?

नाना: वापरल्याशिवाय कुठला शब्द कळतो? 'महापौर'लाही लोक हसलेच असतील.

वाळवंटातला मराठी: हिंदीत 'सजाएँ साथ-साथ चलेंगी' लिहितात. आपणही 'सोबत चालतील' म्हणावं.

झेंडू: मराठीत शिक्षा चालत नाही हो, भोगावी लागते! खटला चालतो. तोही किती वर्षं, ते विचारू नका.

वकीलकाका: कोर्टात 'एकत्रित'च रुळलाय, आम्हाला अडत नाही. पण भावाची शंका रास्त आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ प्रमाणे न्यायाधीश काही बोलले नाहीत, तर शिक्षा एकीमागून एकच. खटले वेगवेगळे असले तर आणखी कठीण. हेरॉइनच्या दोन प्रकरणांत एकाला अमृतसरला १२ आणि दिल्लीला १५ वर्षं झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या एकाच वेळी भोगू द्यायला नकार दिला. तिथे बेरीजच. आणि दंड भरला नाही तर होणारी कैद कायम वरची, ती कशातच मिसळत नाही.

सुमनमावशी: दोन शेगड्यांवर दोन कुकर लावले, तर भात-वरण एकाच वेळी होतं. एकच शेगडी असली की आधी भात, मग वरण. 'एकाच वेळी' लिही की.

नाना: निकालपत्र म्हणजे पाककृती नव्हे.

मुक्ता: मावशी, 'एकाच वेळी' चांगलं आहे. पण कंसात 'एकूण १० वर्षे' घातलं तर भाषांतरकाराने निकालात भर घातली असं होईल. भावाला मी फोनवर सांगितलं, पण कागदावर काय लिहू?

वाळवंटातला मराठी: बाय द वे, शिक्षा 'ठोठावतात' का? ठोठावायचं ते दार ना?

झेंडू: आमची आजी 'दंड ठोकला' म्हणायची. ठोकण्यातूनच आलं असणार.

नाना: काहीतरीच! उद्या सविस्तर लिहितो.