२७.५ की २९ इंच? वेताळ टेकडीसाठी कुठलं चाक घ्यावं

कोथरूडकर: उंची ५ फूट ४ इंच, रोज सकाळी वेताळ टेकडी आणि रविवारी सिंहगड पायथ्यापर्यंत जातो, जुनी २६ ची सायकल काढायचीय, दुकानदार म्हणतो २९ च घ्या पण मला ती फार मोठी वाटतेय, काय करू?

टेकडीवाला: दादा, २९ चं चाक दगडावरून सहज जातं कारण मोठ्या चाकाला दगड कमी कोनात लागतो, आणि एकदा वेग धरला की टिकतो, सिंहगड रोडला लगेच कळेल. पण टेकडीवरच्या वळणावळणाच्या पायवाटेला २७.५ पटकन वळते, थांबून परत वेग घ्यायलाही सोपी. मी तरी २७.५ घेईन.

सायकलताई: चाकाआधी फ्रेमचा साइज बघा हो! मी ५ फूट ३, स्मॉल फ्रेमवर २९ चालवते, काही अडत नाही. आणि टायरमध्ये हवा जरा कमी ठेवा, मुरमावर पकड येते, हे लोक विसरतातच.

घाटप्रेमी: एक गोष्ट, रिमचं माप (टायर सोडून व्यास) २६ ला ५५९ मिमी, २७.५ ला ५८४, म्हणजे जेमतेम २५ मिमीचा फरक. २९ ला मात्र ६२२. बदल जाणवायला हवा असेल तर २९ च, पण आधी दोन्ही चढावर चालवून बघा.

कोथरूडकर: धन्यवाद, शनिवारी दोन्ही चालवून बघतो.