जुन्या गाडीला लागलं की क्लेम करता की खिशातून भरता? अनुभव सांगा

आमची वॅगनआर आहे, दहा वर्षं उलटून गेलीत. परवा सोसायटीच्या गेटपाशी एका टेम्पोवाल्याने रिव्हर्स घेताना डावीकडचा मागचा दरवाजा आणि चाकावरचा पत्रा चेपवला आणि आम्ही खाली येईपर्यंत पसार. कंपनीच्या वर्कशॉपने 22 हजारांचं एस्टिमेट दिलंय, वर म्हणे मॅडम इन्शुरन्स आहे ना मग कशाला टेन्शन. कोपऱ्यावरचा पेंटर म्हणतो दरवाजा बदलायची गरजच नाही, पोचा ठोकून काढतो, लांबी भरून कलर मारतो, 9 हजार द्या. नवरा म्हणतो दरवर्षी प्रीमियम काय शोभेला भरतो का, सासरे म्हणतात पोच्याने गाडी चालायची थांबते का, राहू दे तसंच. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) 50 टक्के आहे आणि क्लेम केला की तो जातो एवढंच मला कळलंय. तुमच्या वेळी नक्की किती मिळाले, किती खिशातून गेले ते लिहा. एजंट लोकांची थिअरी नको प्लीज.

---

घ्या, प्रत्यक्ष आकडेच देतो. माझी आय ट्वेंटी तेव्हा आठ वर्षांची, सिंहगड रोडला पुढून लागली. वर्कशॉपचं बिल जीएसटी सोडून 19,600. बंपर 3,200 चा, प्लास्टिकवर 50 टक्के घसारा (पार्ट जुना म्हणून होणारी कपात) म्हणून 1,600 मंजूर. हेडलाइट 4,600 चा, तोही प्लास्टिकमध्ये धरला, 2,300. फेंडर 2,800 चा, पत्र्याला पाच ते दहा वर्षांत 40 टक्के कापतात (दहाच्या वर गेली की 50, म्हणजे ताई तुमची गाडी त्यात), हाती 1,680. मजुरी 3,000 पूर्ण दिली. पेंटिंग 6,000, त्यातला पाव भाग मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणून 5,250. बेरीज 13,830, त्यातून कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपण भरायचाच ठरलेला वाटा, 1,000 (1500 सीसीच्या वर इंजिन असेल तर 2,000), राहिले 12,830. म्हणजे "इन्शुरन्स आहे ना" म्हणूनही पावणेसात हजार मला भरायचेच होते.

आता एनसीबी. तो फक्त ओन डॅमेजच्या (ओडी, आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) नाही. जुन्या गाडीचा आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कमी त्यामुळे माझा ओडी डिस्काउंटच्या आधी 4,500 च होता. क्लेम केला तर पुढच्या रिन्यूअलला शून्य, मग 20, 25, 35, 45 असं करत परत 50 ला यायचं. तेवढ्या वर्षांत जास्तीचे जाणार 5,625, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे क्लेम करून एकूण खर्च तेरा-साडेतेरा हजार, आणि बाहेरचा पेंटर तेच काम 10 हजारात करत होता. दिलं त्याला. बिलाची तुलना प्रीमियमशी करू नका, पेंटरच्या भावाशी करा.

---

वरचं गणित बरोबर आहे पण एक मोठी गोष्ट राहिली. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आम्ही नाशिकला जुनी अल्टो काढून नवीन गाडी घ्यायच्या विचारात होतो, तेवढ्यात पार्किंगमध्ये कोणीतरी दार घासून गेलं. तसंच ठेवलं, विकताना घेणाऱ्याने त्याचे दोन-तीन हजार कमी केले, करू दे. इन्शुरन्सवाल्यांकडून एनसीबीचं लेटर घेतलं (तीन वर्षं चालतं) आणि नव्या गाडीच्या ओडीचे 28 हजार होत होते तिथे 14 हजार भरले. शोरूमवाला स्वतःहून हे कधी सांगत नाही हं, आपण मागायचं. आणि पॉलिसी संपून 90 दिवसांत रिन्यू नाही केली तर क्लेम न करताही सगळा एनसीबी जातो.

---

तुमचं सगळं पोचे-ओरखड्यांचं चाललंय म्हणून चिपळूणचं लिहितो. 22 जुलै 2021. आमच्या बाजारपेठेच्या बाजूला गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या, पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सीटवर चिखल बसलेला, डॅशबोर्डच्या आत सुद्धा, आणि तो वास नंतर कितीही धुतलं तरी जात नाही. तिथे क्लेम करू का नको हा प्रश्नच नव्हता. माझी 2014 ची स्विफ्ट डिझेल, रिपेअरचा अंदाज आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस (गाडी पूर्ण गेली असं) धरतात, तसाच धरला. पैसे मिळाले, बरेच हेलपाटे झाले पण मिळाले. शेजाऱ्यांची तशीच गाडी, त्याच वर्षाची, पण एजंटने प्रीमियम स्वस्त दाखवायला आयडीव्ही खाली आणून ठेवलेला, त्यांना माझ्यापेक्षा बरेच कमी आले. पाच वर्षांनंतर आयडीव्ही ठरलेल्या टक्क्यांनी निघत नाही, कंपनी आणि आपण मिळून ठरवायचा असतो, तेव्हा रिन्यूअलला तो आकडा बघा. आणि पाण्यातून काढलेल्या गाडीला चावी लावू नका!! गल्लीतल्या एकाने स्टार्टर मारला, इंजिनात पाणी ओढलं गेलं, कनेक्टिंग रॉड वाकला आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर नसल्यामुळे ते नाकारलं. क्रेनने उचलून न्यायची, फोटो आधी काढायचे.

---

माझ्याकडे मारुती 800 आहे. फक्त थर्ड पार्टी, 1000 सीसीपर्यंत 2,094 अधिक जीएसटी, म्हणजे 2,471, वर मालकाचा पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर. बाकी ओडीचे वाचतात ते वेगळे ठेवतो. प्रश्न मिटला. (पूर आला तर मात्र राम राम, चिपळूणकरांचं वाचून जरा पोटात गोळा आला.)

---

धागा काढणारी मीच. आयडीव्ही बघितला, 1 लाख 10 हजार आहे. नवीन गाडी इतक्यात नाही. झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घेतलं असतं तर फरक पडला असता का?

---

ताई, दहा वर्षांच्या गाडीला झीरो डेप देतंय कोण. बहुतेक ठिकाणी पाच वर्षांपर्यंत, काही जण सातपर्यंत. डोंबिवलीत आमच्या गाडीवर गुलमोहराची फांदी पडली तेव्हा मीही हेच विचारून आलोय. माझं मत इथल्या सगळ्यांपेक्षा जरा वेगळं आहे, मी क्लेम केला आणि परत करेन. पुढची काच पूर्ण गेली होती आणि काचेवर घसारा लागत नाही, गाडी कितीही जुनी असू दे. टप चेपलं होतं, त्याचं काम बाहेरच्या पेंटरने नको म्हणून सांगितलं. एनसीबी गेला तर गेला, माझ्या ओडीचं गणित दोन हजारांच्या आसपासचं, त्यासाठी 30 हजारांचं काम अंगावर घ्यायचं का. फक्त काच गेली तरी तो क्लेमच मोजतात आणि एनसीबी जातो, हे मात्र लक्षात ठेवा.

---

समोरच्या माणसाला लागलं असेल तर हा धागा वाचत बसू नका. सांगलीत माझ्या भावाच्या गाडीला बाइकवाला धडकला, पायाला लागलं, तिथल्या तिथे पाच हजार देऊन मिटवा म्हणून चार जण जमले. भावाने आधी त्याला दवाखान्यात नेलं, मग पोलिसांत आणि कंपनीला कळवलं. पुढे नुकसानभरपाईचा दावा झाला तो थर्ड पार्टीतून निघाला. त्याने ओन डॅमेज क्लेम केला नाही, त्याचा एनसीबी शाबूत.

---

वर्कशॉपमधल्या ॲडव्हायजरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. मला म्हणाला, सर आता क्लेम करतोच आहोत तर मागच्या बंपरचा जुना पोचा आणि उजवीकडचा ओरखडा पण यातच बसवून देतो. मी नाही म्हटलं. एक अपघात एक क्लेम, फॉर्मवर सही आपली असते आणि खोटं निघालं तर अख्खा क्लेम जातो. सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) आला तर त्याने नखाने कलर खरवडून खालचा गंज बघितला, सरळ म्हणाला हे परवाचं नाही. बाकी त्याने ओके केलं ते व्यवस्थित मिळालं. ताई, तुमच्या दरवाजाचे फोटो आजच काढून ठेवा, पाऊस लागला की तिथेही गंज धरेल, आणि पेंटरला आधी विचारा की पत्रा ठोकल्यावर दरवाजाची काच वरखाली होणार का ते.