अंडी घालतो तरी प्लॅटिपस सस्तन कसा?
प्रश्न: मुलीने विचारलं आणि माझी बोलतीच बंद, प्लॅटिपस, म्हणजे ऑस्ट्रेलियातला तो बदकासारख्या चोचीचा प्राणी, अंडी घालतो तर सस्तन कसा काय?

उत्तर १: कारण पिल्लांना दूध पाजतो, अंगावर केस पण आहेत. गंमत म्हणजे त्याला स्तनाग्रं नसतात, दूध पोटावरच्या कातडीतून पाझरतं आणि पिल्लं ते चाटतात. १७९९ मध्ये इंग्लंडात नमुना बघून प्राणीशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ साहेबांना वाटलं कुणीतरी बदकाची चोच शिवलीय 😄

उत्तर २: एकिडना विसरू नका राव, अंगावर काटे असलेला तो प्राणीही अंडी घालणारा सस्तनच, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा. मादी एकच अंडं पोटाच्या पिशवीत ठेवते, साधारण १० दिवसांत पिल्लू बाहेर.

उत्तर ३: आणि नर प्लॅटिपसच्या मागच्या पायाला विषारी काटा असतो बरं का, गोंडस दिसतो म्हणून उचलायला जाऊ नका.