महिला आशियाई चषक : मुलींना नेमकी किती आशा द्यावी?

खानापूरचे क्रीडाशिक्षक

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत खेळ शिकवतो. आठवी-नववीच्या चौदा मुली शाळा सुटल्यावर रोज फुटबॉलचा सराव करतात. मैदानाच्या एका टोकाला बांबूचे गोलखांब आहेत, दुसऱ्या टोकाला दप्तरे ठेवून गोल करावा लागतो, आणि फक्की संपली की मुली घरून चुलीतली राख आणून रेषा आखतात. मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या महिला आशियाई चषकात आपला संघ खेळणार आहे, हे समजल्यापासून त्यांचा एकच प्रश्न असतो : "सर, आपण विश्वचषकाला जाणार का?"

माझी स्वतःची आशा मोठी आहे, हे मी आधीच सांगतो. जुलै २०२५ मध्ये चियांग माईत थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून आपला संघ पात्र ठरला, दोन्ही गोल संगीता बासफोरने केले, आणि थायलंड हा २०१५ व २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला संघ आहे. पात्रता फेरी खेळून आपल्या महिलांनी या स्पर्धेत जागा मिळवण्याची ही पहिलीच वेळ. मात्र गटात जपान, व्हिएतनाम आणि चिनी तैपेई (म्हणजे तैवानचा संघ) आहेत. मी अवाजवी आशा दाखवली आणि जपानकडून मोठी हार झाली, तर एखादी मुलगी दुसऱ्या दिवशी मैदानावर यायचीच नाही, अशी मला धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणीकर

सर, मुलींना स्पर्धेचा हिशेब समजावून सांगा, कारण या वेळी तो हिशेबच आपल्या बाजूने बोलतो. बारा संघांचे तीन गट आहेत. प्रत्येक गटातील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सरस ठरणारे दोन, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. त्यातून उपांत्य फेरी गाठणारे चार संघ २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकासाठी थेट पात्र ठरतात, आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना आपसांत खेळून आणखी दोन जागा मिळवण्याची संधी असते. म्हणजे गटात तिसरे आलो तरी वाट बंद होतेच असे नाही.

त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा सामना ४ मार्चचा, पर्थमधील व्हिएतनामविरुद्धचा. व्हिएतनाम २०२३ चा विश्वचषक खेळून आलेला संघ आहे, तरीही तो थायलंडच्याच पंक्तीतला आहे आणि थायलंडला आपण हरवले आहे. जपानने २०११ मध्ये विश्वचषक जिंकलेला आहे. ७ मार्चला त्यांच्याविरुद्ध कमीत कमी गोल खाणे हीच कामगिरी समजावी, कारण तिसऱ्या क्रमांकाची तुलना निघाली तर गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून उरलेला आकडा, पाहिला जाईल. पात्रता फेरीत मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० हरवताना आपण गोलांचा पाऊस पाडला, परंतु तिथे बचावाची खरी कसोटी लागली नव्हती. माझी काळजी आघाडीच्या फळीबद्दल नसून शेवटच्या वीस मिनिटांत बचावफळी किती दमते याबद्दल आहे.

मी लहानपणापासून कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर सामने पाहायला जातो. पेठांच्या संघांसाठी भर उन्हात बसणारी माणसे पाहिली की ऊर भरून येतो, आणि मुलींच्या सामन्याला अशी गर्दी मी अजून पाहिलेली नाही, याचे वाईटही वाटते.

टिळकवाडीची जुनी खेळाडू

सर, माझी आशा तिसऱ्या सामन्यावर आहे आणि तिचे कारण २०२२ चे आहे. तेव्हा ही स्पर्धा आपल्याच देशात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होती. २० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी झाली. तीन दिवसांनी चिनी तैपेईविरुद्ध सामना होता, पण संघात कोरोना पसरला आणि मैदानात उतरवण्याइतक्या खेळाडूच उरल्या नाहीत. सामना झाला नाही आणि आपण स्पर्धेतूनच बाहेर पडलो. मी त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक लवकर उरकून मोबाईल डब्याला टेकवून ठेवला होता. बातमी वाचल्यावर तो तसाच पालथा घातला. हरले असते तर इतके लागले नसते.

आता १० मार्चला तोच चिनी तैपेईचा संघ पुन्हा समोर आहे. तो सामना पूर्ण नव्वद मिनिटे खेळला जावा आणि आपण तो जिंकावा, ही माझी इच्छा चार वर्षांची आहे. मी लेले मैदानावर भावांबरोबर खेळायचे. दहावीनंतर घरच्यांनी बूट माळ्यावर टाकले आणि विषय संपला. म्हणून तुमच्या चौदा जणींपैकी किती जणी दहावीनंतर खेळत राहतात, हे मला विश्वचषकाइतकेच महत्त्वाचे वाटते. त्यांना मनीषा कल्याणचा गोलही दाखवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलने आपल्याला ६-१ हरवले, तरी आपला तो एक गोल तिने ब्राझीलमध्ये, ब्राझीलविरुद्ध केला होता. मोठ्या पराभवातून काय हाती येऊ शकते, हे मुलींना त्यातून कळेल.

कॅम्पातले काका

ताईंच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. १९८० मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये आपल्या महिला या स्पर्धेत उपविजेत्या होत्या, आणि १९८० चा अंतिम सामना याच तैपेईविरुद्ध गमावला होता. आशा नवीन नाही, जुनी आहे, एवढे मुलींना अवश्य सांगावे.

खानापूरचे क्रीडाशिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. आज सरावानंतर मुलींना गटाचे कोष्टक फळ्यावर काढून दाखवले. तिसऱ्या क्रमांकालाही वाट आहे हे कळल्यावर आमच्या गोलरक्षक मुलीने विचारले, "मग जपानविरुद्ध आपली गोलकीपर पंथोई चानू हिने जेवढे गोल अडवले तेवढे आपल्या खात्यात जमा, असेच ना सर?" मी हो म्हणालो. पर्थची घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहेत, त्यामुळे तिथला संध्याकाळचा सामना आपल्याकडे दुपारी दिसेल. पहिल्या सामन्यासाठी शाळेतील मोठा पडदा मागितला आहे, आणि १० तारखेसाठीही अर्ज आजच देऊन ठेवला. ताई, तुम्हाला जमत असेल तर त्या दिवशी आमच्या शाळेत अवश्य या. मुली तुमच्यासाठी पुढची जागा राखून ठेवतील.