सध्या काय वाचताय? कोल्हापुरात उत्तर तेच का?

रंकाळाकाठ:
रविवारी रंकाळ्यावर फिरून झालं की आमचा चहाच्या गाडीवर अड्डा असतो आणि विषय ठरलेला, सध्या कोण काय वाचतंय. उत्तरं पाठ झालीत. एकानं 'मृत्युंजय' परत काढलेलं असतं, दुसऱ्याचं 'स्वामी' चालू असतं, तिसऱ्याचं 'पानिपत', चौथ्याची 'ययाति' अर्ध्यावर. चारही पुस्तकं थोर आहेत, त्यावर वाद नाही. पण 'ययाति' 1959 ची, 'स्वामी' 1962 ची, 'मृत्युंजय' 1967 ची आणि त्यातल्या त्यात नवं 'पानिपत' तेही 1988 चं. त्यानंतर या जिल्ह्यात कुणी लेखणी उचललीच नाही काय?

उचलली की. पन्हाळ्याकडच्या कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या अड्ड्यावर ते एकानंही वाचलेलं नाही. धरणात गाव गेलं, माणसं उठून दुसरीकडं गेली, जनावरं मागं राहिली. त्या मागं राहिलेल्या म्हशीसाठी एक माणूस परत जुन्या गावाकडं जातो. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात यावं म्हणून आपण वर्षानुवर्षं आंदोलनं केली. ज्यांची घरंदारं अशा पाण्याखाली गेली त्यांची गोष्ट आपल्याच जिल्ह्यातला माणूस लिहितो आणि आपण परत कुरुक्षेत्रावर. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागातला जो लेखक आज लिहितोय, त्याला आधी आपण वाचलं पाहिजे. पुण्या-मुंबईचे लोक वाचतील तेव्हा वाचतील.

आजऱ्याची लेक:
दादा, हे अजिबात पटलं नाही. 'मृत्युंजय'वाले शिवाजी सावंत कुठले? आमच्या आजऱ्याचे. 'स्वामी'वाले रणजित देसाई कोवाडचे. 'पानिपत'वाले विश्वास पाटील शाहूवाडी तालुक्यातले. तुम्ही ज्यांना जुने म्हणून बाजूला सारताय ते सगळे याच मातीतले आहेत.

आणि परत वाचण्यात कमीपणा कसला? 'मृत्युंजय'मध्ये कर्णासोबत कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे वेगवेगळे लोक आपापल्या तोंडानं बोलतात. कॉलेजात असताना मी फक्त कर्णासाठी वाचलं, बाकीच्यांची पानं भराभर उलटली. आता थोरल्या भावाचं आजारपण काढल्यावर परत हातात घेतलं, तर शोणाच्या भागावरून पुढं सरकता येईना. थोरल्याच्या मागं मागं चालणारा धाकटा भाऊ. पुस्तक तेच, पण मला ते आत्ता कळतंय. मग 'सध्या काय वाचतेस' विचारल्यावर मी दुसरं काय सांगू?

बिंदू चौक:
ताईंशी सहमत, आणि एक अडचण कुणी बोलत नाही ती मी बोलतो. ही ग्रामीण पुस्तकं शहरातल्या पोरांना वाचवत नाहीत. माझ्या मुलानं 'झोंबी' सुरू केलं आणि पन्नासेक पानांत सोडलं. बोलीभाषा, शेतातले शब्द, काही कळत नाही म्हणाला. वाचनाची गोडी लावायची तर आधी गोष्ट पळाली पाहिजे.

रंकाळाकाठ:
@बिंदू चौक, वैरण, दावं, मोट हे शब्द कळत नाहीत आणि 'मृत्युंजय'मधलं भारदस्त संस्कृत मराठी कळतं? तिथं आपण अडलो तर थोरामोठ्यांना विचारतो, इथं पुस्तक मिटतो. 'झोंबी' लिहिणाऱ्या आनंद यादवांचं कागल कोल्हापुरापासून किती लांब आहे हो? त्यांनी पुस्तकात काय लिहिलंय, तर शाळा शिकायची म्हणून बापाशी झगडणारं पोर. राबणारे हात कमी पडतात म्हणून बाप त्याला शाळेतून काढू बघतो. ही गोष्ट पळत नाही? ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच मुलखात पुढं एका पोराला शाळेसाठी एवढं झगडावं लागलं. मुलाला सोबत बसवून दहा पानं मोठ्यानं वाचा. ही भाषा कानानं लवकर कळते.

गडहिंग्लज रोड:
मोठ्यानं वाचण्यावरून आठवलं. मी रोज गाडीत पुस्तकं ऐकतो. त्याला वाचन म्हणायचं का यावर भांडण नको. पण अडचण अशी की मला जी हवीत ती बोलकी पुस्तकं मिळत नाहीत. आमच्या भागातल्या राजन गवसांचं 'तणकट' शोधून दमलो. 2001 चं अकादमीवालं पुस्तक आहे ते.

अभ्यासिका:
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या टेबलावर सध्या राज्यव्यवस्था, भूगोल आणि चालू घडामोडी. अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरावी लागते, एवढी पोरं असतात, आणि सगळी वाचतच असतात. पण 'काय वाचतोस' विचारणाऱ्याला आमचं वाचन मोजायचंच नसतं. कादंबरी म्हटलं की वडील विचारतात, परीक्षेला येणार आहे का? रंकाळ्यावरच्या काकांनी आधी घराघरांतला हा प्रश्न मिटवावा, मग खोत की सावंत ते ठरवू.

आजऱ्याची लेक:
बाळा, तुझं खरं आहे. पण 'परीक्षेला येणार आहे का' हे ऐकून गप्प बसू नकोस. रात्री दोन पानं तरी तुझ्या आवडीची वाच. कुठल्या लेखकाची, ते तुझं तू ठरव. रंकाळावाल्या दादांनीही नाही आणि मीही नाही.

रंकाळाकाठ:
इथं मी मागं हटणार नाही. वाचकानं आपापलं ठरवावं हे ठीक, पण समोर असतंय त्यातूनच तो ठरवतो. दुकानाच्या दर्शनी फळीवर तीच चार पुस्तकं नव्या मुखपृष्ठात मांडलेली असतील तर पोरगं काय उचलणार?

वाचनालयवाली:
मी एका छोट्या वाचनालयात देवघेव बघते, म्हणून लिहिते. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्ये केला. करवीर नगर वाचन मंदिर तर 1850 पासूनचं. असं असताना आमची खरेदी कशी होते ते सांगते. मागणीवहीत सभासद जे लिहितात ते आधी घेतलं जातं, आणि पैसे तिथंच संपतात. वहीत पानंच्या पानं 'मृत्युंजय'ची दुसरी प्रत, तिसरी प्रत. कारण आधीच्या प्रती हाताळून खिळखिळ्या झाल्यात. 'झाडाझडती' आमच्याकडं आहे. ज्यांचं 'पानिपत' तुम्ही सगळे वाचता त्याच विश्वास पाटलांची, धरणग्रस्तांवरची, 1992 ला अकादमी मिळालेली. तिच्या कार्डावर गेल्या कित्येक महिन्यांत एकही तारखेचा शिक्का नाही. 'रिंगाण'ची मागणी तर कुणी लिहिलेलीच नाही.

त्यामुळं ताई, दुसरी प्रत मागण्याचा तुमचा हक्क मला मान्य आहे. पण त्या वहीत तेवढंच लिहिलं जातं म्हणून नवीन पुस्तक आत येत नाही, हेही तुम्ही मान्य करा.

आजऱ्याची लेक:
वहीचं मान्य. पण खिळखिळी प्रत बदलायला पैसे नाहीत हा दोष वाचकाच्या माथी मारू नका. अनुदान वाढवा म्हणून भांडायला चला, मी येते.

वाचनालयवाली:
भांडायला मीही आहे. तोवर वहीत लिहा. वही टेबलावरच असते, पेन दोरीनं बांधलंय. संध्याकाळी साडेसातला आम्ही बंद करतो.