उत्तर: हेलिकॉप्टर उचलताच गरगरतं

रिमोटवरचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर जमिनीवरून उडताच गरगरतं, ट्रिम (आपोआप वळणं सुधारायचं रिमोटवरचं बटण) फिरवूनही थांबत नाही, असा प्रश्न आहे. सायमा एस१०७जी किंवा तसलंच तीन चॅनेलचं (वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे वळणं) असेल तर आधी जायरो, म्हणजे वळणं ओळखून हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारा सेन्सर, बघा. स्विच ऑन केल्यावर ते सपाट फरशीवर काही सेकंद अजिबात न हलवता ठेवायचं. हातात धरून ऑन केलं की जायरोचा शून्यबिंदूच चुकतो, मग ट्रिम पुरत नाही.

तरीही गरगरलं तर दोन्ही रोटर (एकावर एक लावलेली पाती) बोटाने फिरवून पाहा. ते उलट दिशांनी फिरून एकमेकांचा पीळ (हेलिकॉप्टरला फिरवणारा जोर) रद्द करतात. एका शाफ्टमध्ये (रोटरच्या दांड्यात) केस किंवा दोरा अडकला की तोल गेलाच. (गालिच्यावर उडवणाऱ्यांना हे कायमचं.)

थ्रॉटल (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारी रिमोटवरची काडी) घाबरत घाबरत देऊ नका. जमिनीलगत पात्यांचीच हवा उलटून येते आणि ते डगमगतं. झटकन कमरेइतकं वर न्या, मग थ्रॉटल किंचित कमी करा. खोलीतला पंखा बंद हवाच. खिडकीतलं ऊन रिमोटचा इन्फ्रारेड (न दिसणाऱ्या प्रकाशाचा) सिग्नल बिघडवतं, म्हणून पडदे ओढा.

धडकणार असं दिसलं की थ्रॉटल लगेच शून्यावर. पाती अडकलेली असताना मोटर चालू राहिली की गिअरचे दात जातात किंवा मोटर जळते. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.