मदत हवी आहे: दोघांचं भागेल असं स्वस्तातल्या स्वयंपाकाचं पुस्तक

नमस्कार मंडळी,

मी अंबडला एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे. जूनमध्ये धाकटी बहीण नर्सिंगच्या कोर्ससाठी नाशिकला आली, म्हणून मित्रांबरोबरची सातपूरची खोली सोडून पाथर्डी फाट्याजवळ खोली घेतली. तोवर मी मेसवर जेवायचो. दोघांची मेस परवडत नाही, त्यामुळे घरीच करतोय. एक शेगडी, पाच किलोचा सिलेंडर, तीन लिटरचा कुकर, तवा, दोन पातेली. फ्रीज नाही. भाडं आणि तिची फी वजा जाता गॅस धरून साडेचार हजार उरतात. बाजरी आणि काळा मसाला कळवणहून आई पाठवते, तेवढं एक बरं आहे.

यूट्यूब बघ असं कृपया सांगू नका. दोघांत धड मोबाईल एकच, तो सकाळी सातला तिच्याबरोबर कॉलेजला जातो आणि माझी दुसरी शिफ्ट असली की स्वयंपाक माझ्याकडे. शिवाय ‘फक्त पन्नास रुपयांत’ म्हणणाऱ्या ताई काजू, बटर, क्रीम हे सगळं ‘घरात असतंच’ म्हणून हिशेबात धरत नाहीत. आमच्या घरात नसतं हो!

मागच्या महिन्यात प्रदर्शनातून दीडशे रुपयांचं एक जाड पुस्तक घेतलं. नाव सांगत नाही. प्रत्येक प्रमाण सहा माणसांचं, आणि मीठ, तिखट, तेल, पाणी सगळं ‘अंदाजाने’. अंदाज असता तर पुस्तक कशाला घेतलं असतं?

एकेक पदार्थ जमतो. भात, मुगाची खिचडी, पिठलं (अर्धी वाटी बेसनाला दोन वाट्या पाणी, हे तीनदा गुठळ्या करून शिकलो). अडतं ते आठवड्याच्या हिशेबात. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात अंधार पडताना गेलो, तर मावशी उरलेली मेथी देऊन टाकत होती, दहाला दोन जुड्या. स्वस्त म्हणून सहा घेतल्या. बुधवारी रात्री भाजी, गुरुवारी भाजी, शुक्रवारी बहिणीनं ताटाकडे बघून नुसती भाकरी आणि ठेचा घेतला. शनिवारी पिशवी उघडली तर आतली पानं काळी, चिकट, आणि खोलीभर वास. चार जुड्या कचऱ्यात. तीस रुपयांची मेथी घेऊन दहाचीच खाल्ली, म्हणजे स्वस्त कुठे पडली?

म्हणून असं पुस्तक हवंय, ज्यात आधी काय संपवायचं, काय टिकतं, काल उरलेल्या वरणाचं आज काय करायचं, हे असेल. मराठीत आहे का? जुनं, फाटकं चालेल.

प्रतिसाद

अरे भाऊ, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ बघ. 1970 चं आहे, माझ्या लग्नात सासूबाईंनी दिलेली प्रत अजून वापरते. माप वाटी-चमच्याचं, ‘अंदाजाने’वर सोडून देत नाहीत. माणसं जास्त धरलेली असली तर सरळ निम्मं कर, फक्त पाणी अगदी निम्मं करू नकोस, तळाला लागतं. पक्वान्नांची पानं उलटून पुढे जा. आमट्या, उसळी, कोशिंबिरी वाच. गोड्या मसाल्याच्या जागी तुझा काळा मसाला घाल, पण थोडा कमी, तो झणझणीत असतो. विकत घेण्याआधी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात विचार. 1840 पासूनचं वाचनालय आहे, तिथे सापडायला हवं.

तुझ्या आठवड्याचा हिशेब मात्र त्यात मिळणार नाही, तो असा: बाजार झाला की पहिले दोन दिवस पालेभाजी, मग वांगी-दोडका, शेवटी बटाटा, कोबी, भोपळा आणि कडधान्य. मेथी धुवून ठेवायची नाही, जुडी सोडून कोरडी कागदात गुंडाळायची. वाटीभर मटकीला मोड आले की अडीच-तीन वाट्या होते, दोघांना दोन वेळा पुरते. उरलेल्या वरणात कणीक, तिखट, हळद, ओवा घालून मळ आणि थालीपीठ लाव. दोडक्याच्या शिरा फेकत असशील तर मला राग येईल. तीळ घालून कुरकुरीत परतल्या की चटणी होते.

आणि हुलग्याचे शेंगोळे शिक. एकाच पातेल्यात जेवण, भाकरीही लागत नाही.

प्रतिसाद

पुस्तकात भाव छापले तर वर्षात जुने होतात, त्यामुळे तुम्हाला हवं तसं मिळणं कठीण. दोनशे पानी वही घ्या. डावीकडे काय आणलं आणि कितीला, उजवीकडे काय टाकून दिलं. मी सिडकोत एकटा राहायचो तेव्हा उजवी बाजू वाचूनच शहाणा झालो. ब्रेड आणणंच बंद केलं.

विषयांतर होतंय, पण गावाकडच्या रेशन कार्डावर तुमची नावं आहेत का? प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, आणि आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातही अंगठा लावून उचलता येतं. फक्त आईशी बोलून ठरवा, तिकडे कोणाचं किती उचललं जातंय ते.

प्रतिसाद

दोन सिलेंडरचा खर्च धरला तर मेसच बरी.

धागाकर्ता

दादा, दोन नाही, एकच लागतो, तोही कडधान्य रात्री भिजत घालायला लागल्यापासून चार-पाच दिवस जास्त जातो. मेसची भाजी तुम्ही खाल्लेली दिसत नाही.

काकू, रविवारी सुट्टी आहे, वाचनालयात जातो. दोडक्याच्या शिरा आजवर फेकल्याच, माफ करा. रेशनचं आईला विचारलं, आमची दोन्ही नावं कार्डावर आहेत, पण आमचं धान्य ती तिकडे उचलते आणि बाजरीबरोबर त्यातलंच इकडे पाठवते. म्हणजे ते आधीपासून खातोच आहोत.

शेंगोळ्यांचं एक विचारायचं राहिलं. हुलगे दळून आणावे लागतील ना? आमच्या इथला गिरणीवाला दोन किलोच्या खाली दळत नाही. अर्धा किलोच हवंय, मिक्सर नाही. आणि त्यात कणीक किती मिसळायची, चमच्यात सांगा.